चिमणीतला पारा आणि बगॅसचा कोळसा



गाळप संपत आले आणि यार्डात बगॅसचा डोंगर दिसू लागला की आपल्या सभासदांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : ह्या भुशाचे आणखी काही करता येईल काय? अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘वनस्पतीच्या कोळशाने कारखान्यांच्या धुरातला विषारी पारा पकडता येतो म्हणतात. मग आपल्या बगॅसचा तसला कोळसा करून वीज केंद्रांना का विकू नये?’ प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता येत नाही, म्हणून ह्या अंकात सविस्तर लिहीत आहोत. हिशेबही मांडला आहे. ज्याने त्याने तो पेन्सिल घेऊन तपासून पाहावा.

पारा म्हटले की डॉक्टरांचे थर्मामीटर आठवते. पण ऊसवाल्यांचा पाऱ्याशी संबंध त्याहून जवळचा आहे. लागणीच्या वेळी बेणे बुडवायला आपण वर्षानुवर्षे जी औषधे वापरली, एमिसान, अॅगॅलॉल, अॅरेटान, ती सगळी पारायुक्त होती. कांडी कुजू नये म्हणून त्यांचा उपयोग होई, हे खरे. पण ते द्रावण हाताने ढवळले जाई आणि उरलेले पाटात ओतले जाई. शासनाने पुढे ह्या औषधाचा वापर ऊस आणि बटाटा ह्या दोन पिकांच्या बेण्यापुरताच ठेवला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. म्हणजे देशात बहुतेक पिकांतून पारा गेला तरी उसातून तो सर्वांत शेवटी गेला. तेव्हा पाऱ्याचा विषय आपला नाही, असे आपण तरी म्हणू नये.

बियाण्याच्या पाऱ्याने काय होऊ शकते ते इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात दिसले. दुष्काळानंतर परदेशातून पेरणीसाठी गहू आणला होता. त्याला पारायुक्त औषध चोळलेले होते आणि ओळखू यावा म्हणून रंगही दिला होता. पोत्यांवरच्या सूचना मात्र स्पॅनिश आणि इंग्रजीत! पेरणीची वेळ टळून गेलेली, घरात दाणा नाही. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, विष गेले असे समजून त्याच्या रोट्या केल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे ६,५३० माणसे इस्पितळात दाखल झाली आणि ४५९ दगावली. शेतकऱ्यानेच शेतकऱ्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

दुसरे उदाहरण जपानच्या मिनामाता गावचे. तिथल्या चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याचे सांडपाणी समुद्रात जाई. त्यातला पारा माशांत उतरला, माशांतून माणसांत. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मरू लागली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. पोटात असतानाच विष भिनल्यामुळे पांगळी मुले जन्मली. रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालची. पारायुक्त पाणी सोडणे थांबले ते १९६८ साली. मधली बारा वर्षे कशी गेली हे तिथल्या कोळ्यांनाच माहीत. ह्या गावाचेच नाव पुढे पाऱ्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराला दिले गेले. तो २०१७ साली अमलात आला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली.

आता धुराकडे वळू. दगडी कोळशात पारा असतो. फार नाही, टनाला एक दशांश ग्रॅमच्या आसपास, कुठल्या खाणीत जास्त, कुठल्या खाणीत कमी. एवढ्याने काय बिघडते? तर गणित असे. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर आपल्या देशी कोळशाचा रोज सुमारे ८ हजार टन खप होतो. म्हणजे रोज ८०० ग्रॅम पारा भट्टीत जातो. थोडा राखेत अडकतो, बाकीचा चिमणीवाटे वर. आणि असे संच देशात शेकड्यांनी आहेत. आपल्या राज्यातच चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ अशी केंद्रांची मोठी यादी होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे २०१५ साली माणसाच्या उद्योगामुळे जगभरात सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा पाऱ्याने सोने वेगळे करणाऱ्या छोट्या खाणवाल्यांचा, आणि त्याखालोखाल, सुमारे पाचवा हिस्सा, कोळसा जाळणाऱ्या केंद्रांचा आणि भट्ट्यांचा.

चिमणीतून गेलेला पारा हवेत विरून नाहीसा होत नाही. त्यातला काही जवळपास पडतो, काही महिनोन्‌महिने वाऱ्यावर फिरून पावसाबरोबर दुसऱ्याच मुलखात उतरतो. तलावाच्या, धरणाच्या गाळातले सूक्ष्म जंतू त्याचे अधिक विषारी रूप तयार करतात. ते शेवाळात, शेवाळातून लहान माशात, लहानातून मोठ्या माशात चढत जाते आणि प्रत्येक पायरीला दाट होते. मासे खाणाऱ्या गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त, कारण मेंदू तेव्हा घडत असतो.

मग हा पारा चिमणीआधीच का पकडत नाहीत? पकडतात, पण तो सोपा नाही. भट्टीच्या उष्णतेत सगळा पारा वाफ होऊन जातो. धूर पुढे थंड होत गेला की त्या पाऱ्याच्या तीन तऱ्हा होतात. काही राखेच्या कणांना चिकटतो. तो राख पकडणाऱ्या विजेच्या यंत्रात, ज्याला आपले बॉयलरवाले ई.एस.पी. म्हणतात, त्यात अडकतो. काही पारा कोळशातल्या क्लोरीनशी संयोग पावतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून जिथे धूर धुण्याचे यंत्र बसवले आहे तिथे तोही सापडतो. तिसरी तऱ्हा म्हणजे शुद्ध पाऱ्याची वाफ. ती ना राखेला दाद देते, ना पाण्याला. सरळ निघून जाते. खरी डोकेदुखी तिचीच आहे. शिवाय ती पातळ किती? वरच्या हिशेबाने एक ग्रॅम पारा सुमारे साठ हजार घनमीटर धुरात पसरलेला असतो. शंभर मीटर लांब, तीस मीटर रुंद, दहा मीटर उंच अशी साखरेची दोन गोदामे डोळ्यांपुढे आणा; त्या दोन्हींत मिळून एक ग्रॅम!

इथे कोळसा कामाला येतो. हा कोळसा जाळायचा नव्हे, शोषून घेणारा. त्याला क्रियाशील कोळसा किंवा अॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. लाकूड, नारळाची करवंटी, भाताचे तूस, बगॅस, काहीही घ्यावे, हवा न लागू देता भाजावे. आपल्याकडचे लोणारी कोळसा पाडत ते ह्याच तत्त्वाने. मग तो कोळसा आठशे-नऊशे अंश तापमानाला वाफेच्या झोतात धरावा. वाफ त्याला आतून कुरतडते. जिकडे तिकडे डोळ्यांना न दिसणारी भोके आणि भुयारे तयार होतात. भट्टी तेवढी तापवायची नसेल तर फॉस्फोरिक आम्लात भिजवून कमी उष्णतेवर भाजण्याची दुसरी रीत आहे. अशा रीतीने तयार झालेल्या एका ग्रॅम कोळशाच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर पाचशे ते हजार चौरस मीटर भरतात. आपल्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर कोळशात पाच ते दहा गुंठे जमीन! आणि हीच ‘जमीन’ वायूतले नको ते पदार्थ धरून ठेवते.

साखरधंद्याला हा कोळसा नवा नाही. किंबहुना त्याच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत साखरवालेच होते. रसाचा रंग काढायला पूर्वी युरोपात जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरीत. (ही गोष्ट आपल्याकडच्या काही मंडळींना कळली तेव्हा परदेशी पांढऱ्या साखरेबद्दल त्यांना काय वाटले असेल, त्याची कल्पना करावी.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाफेने क्रिया केलेला वनस्पतीचा कोळसा बाजारात आला आणि त्याने हे काम उचलले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावासाठी मुखवट्यांत तोच भरावा लागला. अमेरिकेत तर १९१८ साली सरकारने लोकांना फळांच्या बिया आणि कवच्या फेकू नका, गोळा करून द्या, असे आवाहन केले होते. कवचीचा कोळसा टणक आणि बारीक भोकांचा असतो, म्हणून वायू धरायला तो सरस. नारळाच्या करवंटीला आजही ह्या धंद्यात जो मान आहे तो त्यामुळेच.

वीज केंद्रात ह्याचा वापर कसा करतात? कोळशाची पिठासारखी पूड करून, धूर दीडशे अंशांच्या आसपास थंड झाल्यावर, नळ्यांतून त्याच्या प्रवाहात फुंकतात. पुढे ई.एस.पी. किंवा कापडी पिशव्यांची गाळणी असते. पूड तिथवर जाईपर्यंत जे एक-दोन सेकंद मिळतात तेवढ्यात तिने पारा धरायचा. मग ती राखेबरोबर खाली पडते. कल्पना साधी आहे. पण एवढ्या पातळ वाफेतला प्रत्येक कण कोळशाच्या कणाला भेटायला हवा, म्हणून पाऱ्याच्या वजनाच्या हजारो पट कोळसा फुंकावा लागतो.

२००१ साली अमेरिकेत दोन मोठ्या केंद्रांवर ह्याच्या चाचण्या झाल्या. त्या बोधप्रद आहेत. अलाबामातील गॅस्टन केंद्रात पिशव्यांची गाळणी होती. तिथे थोडक्या कोळशात, थोड्या दिवसांच्या चाचणीत, ९० टक्क्यांपर्यंत पारा पकडला गेला. विस्कॉन्सिनमधील प्लेझंट प्रेअरी केंद्रात नुसते ई.एस.पी. होते, तिथे ६०-७० टक्क्यांवर गाडी अडली आणि कितीही कोळसा वाढवला तरी पुढे सरकेना. असे का? एक तर पिशवीच्या कापडावर कोळशाचा थर बसतो आणि सगळा धूर त्या थरातून गाळून जातो; पाऱ्याला सेकंदांऐवजी मिनिटे मिळतात. दुसरे म्हणजे त्या दुसऱ्या केंद्राच्या कोळशात क्लोरीन फार कमी होते. नुसत्या कोळशाला शुद्ध पाऱ्याची वाफ नीट धरता येत नाही. तिला आधी कोणीतरी ‘बांधावे’ लागते. ते काम क्लोरीन करते, गंधक करते, आणि सर्वांत चांगले ब्रोमीन करते. म्हणून पुढे पुडीलाच ब्रोमीन लावण्याची पद्धत आली. मग घनमीटर धुराला वीस ते पन्नास मिलिग्रॅम एवढी पूड पुष्कळ झाली. आपण बेण्याला औषध लावतो तसेच म्हणा ना, मूळ कांडी तीच, पण गुण वेगळा.

ह्यात काटेही आहेत. पहिला राखेचा. वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये, विटांमध्ये जाते. काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे राहावेत म्हणून जे औषध घालतात ते राखेतला क्रियाशील कोळसा शोषून टाकतो आणि तशी राख मग अशा काँक्रीटला चालत नाही. विकली जाणारी राख पडून राहिली तर केंद्राचा तोटा दुहेरी. त्यावर उपाय म्हणून आधी राख वेगळी पकडायची, मग कोळसा फुंकायचा आणि त्यासाठी पुढे दुसरी गाळणी बसवायची, अशी योजना निघाली. मिशिगनमधील प्रेस्क आइल केंद्रात ती करून पाहिली. तिथे खाली साठलेला कोळसा आपोआप तापून धुमसू लागला. बगॅसच्या ढिगाची आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. पुढे साठा वेळेवर काढण्याची आणि उष्णता ताब्यात ठेवण्याची व्यवस्था करावी लागली.

दुसरी गोष्ट, जी जाहिरातीत सांगत नाहीत : कोळसा पाऱ्याचा नाश करीत नाही. तो त्याला हवेतून काढून राखेत आणतो, एवढेच. पारा धातू आहे, जळत नाही, कुजत नाही. ती राख नीट सांभाळावी लागते.

आता बगॅस. पारा धरण्यासाठी आजवर जो कोळसा जास्तीत जास्त वापरला गेला तो लिग्नाइटचा आणि दगडी कोळशाचा, कारण तो स्वस्त आणि हवा तेवढा मिळतो. वनस्पतीच्या कोळशावर प्रयोग पुष्कळ झाले आहेत. गंधक किंवा ब्रोमीन लावल्यावर तोही चांगले काम देतो, ह्यात शंका नाही. बगॅसबद्दल बोलायचे तर त्याची जमेची बाजू ही की तो एकाच जागी, गाळून, बारीक होऊन तयार मिळतो. जंगल तोडावे लागत नाही. अमेरिकेत लुइझियाना ह्या ऊसवाल्या राज्यातल्या संशोधकांनी बगॅसमध्ये मोलॅसिस मिसळून त्याच्या गोळ्यांचा कोळसा केला. २००० साली प्रसिद्ध झालेले ते काम साखरेचा रंग काढण्यासाठी होते. म्हणजे बांधायचे चिकट द्रव्यसुद्धा कारखान्यातलेच!

उणी बाजू तेवढीच खरी. बगॅस हलका आणि पोकळ. त्याचा कोळसा करवंटीसारखा टणक होत नाही. पूड करून फुंकायची असेल तर टणकपणाचे एवढे महत्त्व नाही. पण राखेचे आहे. उसाबरोबर जी माती-वाळू येते ती बगॅसमध्ये उतरते आणि कोळशात चौपट-आठपट दाट होते, कारण बाकीचे सगळे जळून जाते, माती जळत नाही. पावसात तोडलेला, मोळीला चिखल लागलेला ऊस आला की बॉयलरच्या नळ्या झिजतात, हे आम्ही दर हंगामात लिहितो. कोळशाच्या बाबतीत त्याच मातीने मालाचा भाव पडेल.

आता हिशेब. एक टन उसातून सुमारे २९० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी. उरला १४५ किलो कोरडा. भाजल्यावर ढोबळमानाने त्याच्या चौथाई, म्हणजे ३६ किलो कोळसा. वाफेने कुरतडताना त्यातला निम्मा जातो. हातात राहिला १८ किलो. वर म्हटलेल्या ५०० मेगावॅटच्या संचाला ब्रोमीन लावलेली पूड रोज दोन टनांच्या आसपास लागेल. वर्षाला ३३० दिवस धरले तर ६६० टन. त्यासाठी साधारण ३७ हजार टन उसाचा बगॅस हवा. रोज अडीच हजार टन गाळणारा कारखाना १२० दिवसांत तीन लाख टन ऊस गाळतो. म्हणजे अशा कारखान्याच्या बगॅसच्या आठव्या हिश्श्यात एका संचाची वर्षाची गरज भागेल. हे ऐकून कोणाचेही डोळे चमकतील.

पण दुसरी बाजू पाहा. एक टन बगॅसचा वरच्या हिशेबाने ६२ किलो कोळसा होतो. तोच टन बगॅस उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये घातला तर चारशेच्या आसपास युनिट वीज मिळते. म्हणजे कोळशाच्या एका किलोसाठी आपण साडेसहा युनिटांच्या घरातली वीज सोडतो. भाजताना जो वायू निघतो तो जाळून त्यातली काही उष्णता परत मिळवता येईल, हे मान्य. तेवढी सूट द्यावी. पण भट्टी, वाफ, दळण, ब्रोमीन, मजुरी, कर्जाचे व्याज ह्यांचा खर्च वर चढतोच. सहवीज प्रकल्प नसलेल्या, बगॅस शिल्लक पडणाऱ्या कारखान्याचे गणित वेगळे आणि वीज विकणाऱ्याचे वेगळे.

आणि गिऱ्हाईक? आपल्या देशात डिसेंबर २०१५ च्या नियमांनी औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यावर प्रथमच मर्यादा घातली. ती घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. वरच्या आपल्या हिशेबात धुरातला पारा काहीच न पकडता १७ मायक्रोग्रॅमच्या आसपास येतो! म्हणजे सर्वसाधारण कोळशावर चालणाऱ्या केंद्राला ही मर्यादा पाळायला कोळशाची पूड विकत घ्यावीच लागते असे नाही. अमेरिकेने २०१२ साली दगडी कोळशावरच्या केंद्रांना जी मर्यादा घातली ती दोन मायक्रोग्रॅमच्याही खाली होती. तिथे पुडीचा धंदा उभा राहिला तो ह्या कायद्यामुळे. आमच्या मते आपली मर्यादा फार सैल आहे. पण आम्हाला काय वाटते त्यावर माल खपत नाही. म्हणून कोणी गावात येऊन ‘वीज केंद्रे बगॅसचा कोळसा मागतात, शेअर घ्या’ म्हणाला तर त्याला आधी विचारावे : कुठले केंद्र, किती टन, कुठल्या दराने, लेखी करार कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नये.

क्रियाशील कोळशाला आज खरी मागणी आहे ती पाणी शुद्ध करायला, औषध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना, आणि साखर-शुद्धीकरणाला. बगॅसच्या कोळशाचा विचार कधी करायचाच झाला तर सुरुवात तिथून व्हावी, पाऱ्यापासून नव्हे.

ता. क. — काही सभासदांच्या गोठ्यात, माळ्यावर बेणेप्रक्रियेच्या जुन्या पारायुक्त औषधांचे अर्धवट डबे अजून असण्याचा संभव आहे. डब्यावर ‘मर्क्युरी’ हा शब्द किंवा वर दिलेल्या औषधांपैकी नाव असेल तर तो चुलीत किंवा पाचटाबरोबर जाळू नये, विहिरीत-ओढ्यात टाकू नये, पुरूही नये. मुलांच्या हाताला लागणार नाही असा, झाकण घट्ट लावून, धान्यापासून आणि चाऱ्यापासून दूर ठेवावा आणि आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात नोंद करावी. डबा स्वतः घेऊन येऊ नये. नव्या लागणीसाठी बेणेप्रक्रियेला कार्बेन्डाझिम १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम हे प्रमाण वापरावे, टिपरी दहा मिनिटे बुडवावीत आणि हातमोजे घालूनच काम करावे.